डबा रिकामा यायचा

सोफे शिवणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली मुनी म्हणायची. कापड दोन्ही हातांनी ताणावं लागतं, म्हणून बारीक खिळे तो तोंडात धरायचा. एका वेळी पंधरा-वीस. जिभेने एकेक खिळा ओठांवर आणायचा, डोकं बाहेर, टोक आत. मग चुंबकाच्या हातोडीने उचलून लाकडात ठोकायचा. गिऱ्हाइकाने भाव विचारला की बोटं दाखवायचा.

शेजारच्या गाळ्यातला सुतार म्हणायचा, "वहिनींचं बरंय. नवऱ्याशी भांडायचं म्हटलं तरी समोरून आवाज नाही."

वहिनी पहाटे उठून डबा भरायच्या. पोळी, पालेभाजी, गाजर-काकडी, वर चिरलेलं फळ. संध्याकाळी डबा लख्ख धुऊन परत यायचा. मग त्या विचारायच्या, "कशी झाली होती भाजी?"

"झकास," मुनी म्हणायचा.

सव्वीस वर्षं तो डबा सुतार खात होता.

त्याची सुरुवात अगदी साधी होती. मुनीची डावीकडची एक दाढ पडली, मग दुसरी. उरलेल्या किडक्या दातांत पाल्याचे धागे अडकायचे. तोंडात काही अडकलं की जिभेचं लक्ष तिकडे जातं. एकदा असाच एक खिळा घशापर्यंत गेला. तेव्हापासून दुपारी फक्त चहा आणि बुडवलेले टोस्ट. चावायला नको, पाच मिनिटांत पुन्हा काम. वर भूक मारायला विडी. रात्री घरी चार घास भात, 'दुपारचं जड झालंय' म्हणत.

"वहिनींना एकदा सांगून टाक," सुतार म्हणाला होता.

"सांगतो."

पण पहाटेपासून चिरत बसलेल्या बाईला कुठल्या तोंडाने सांगणार? ते राहून गेलं.

पुढे जिभेच्या कडेला पांढरट चट्टा उठला. मुनीने खिळ्याला दोष दिला. या धंद्यात जीभ कापतेच, आणि आपोआप भरतेही. औषधाच्या दुकानदाराने न बघताच सांगितलं, "जीवनसत्त्वं कमी पडली असतील." त्याने गोळ्यांची पट्टी दिली. लघवी पिवळीजर्द झाली तेव्हा मुनीला वाटलं, गोळी लागू पडतेय. तो खिळे उजव्या बाजूला धरू लागला. असे सात महिने गेले. मग कान ठणकायला लागला, उशीवर रक्ताचे डाग दिसले, आणि बायको त्याला ओढतच इस्पितळात घेऊन गेली.

डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला. कॅन्सर होता. अर्धी जीभ काढावी लागणार होती.

ऑपरेशनआधी आहार बघणाऱ्या मॅडमकडे पाठवलं. तरुण मुलगी होती. फॉर्म पुढे ओढून तिने विचारलं, "काका, रोज काय खाता?"

उत्तर बायकोने दिलं. तिने एकेक भाजी मोजून सांगितली, फळंसुद्धा. "डबा चाटूनपुसून आणतात," ती म्हणाली. तिच्या आवाजात थोडा अभिमान होता.

मॅडमने लिहिता लिहिता वजनाचा आकडा पाहिला. पेन थांबलं. "एवढं खाऊन अकरा किलो उतरलं? काका, खरं सांगा. अंगात ताकद नसताना चिरलं तर जखम भरून येत नाही. आधी किती भर घालायची ते मी यावरूनच ठरवणार."

मुनीने बायकोकडे पाहिलं. ती त्याच्या वतीने मान हलवत होती. गप्प बसणं त्याच्या हाडात मुरलेलं होतं. पण अख्खी जीभ आणखी चारच दिवस त्याची होती.

"मी खाल्लं नाही," तो बोबडं बोलला. "कधीच."

"मग डबा?" बायकोने विचारलं.

"सुतार."

ती म्हणाली, "तरीच त्याचे गाल असे गुबगुबीत." कुणी हसलं नाही. नंतर तिने मॅडमना विचारलं, "खाल्लं असतं तर हे झालं नसतं?"

"तसं छातीठोक नाही सांगता येत, मावशी. विडीचा हात मोठा आहे. पण भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्यांत हा आजार कमी दिसतो. त्यांची जागा गोळी भरून काढत नाही."

बायकोने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

ऑपरेशन बारा दिवस पुढे गेलं. नाकातून नळी घालून आधी भर घातली. मग अर्धी जीभ गेली.

घरी आल्यावर सुतार भेटायला आला. हातात फळांची पिशवी होती. दारातच उभा राहून म्हणाला, "वहिनी, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"बसा," ती म्हणाली. "जेवलात?"

तो बसला नाही.

दुपारी तिने दुधी आणि पालक मऊ उकडला, वाटला, दोनदा गाळला. मोठ्या सिरिंजमध्ये मापाने भरला आणि त्याच्या नाकातल्या नळीला जोडला. हिरवं पाणी हळूहळू खाली सरकलं. त्याच्या तोंडाला त्यातलं काही लागत नव्हतं.

सवयीने तिच्या तोंडून गेलं, "कशी झालीय भाजी?"

मुनीने अंगठा आणि पहिलं बोट जुळवून दाखवलं. झकास.

"खोटं," ती म्हणाली, आणि उरलेलं सगळं नळीत ओतलं.