हिरव्या पातळाच्या गाठी

माझ्या मोबाइलवर ‘वहिनी’ हे नाव उमटलं की मी फोन उचलत नसे. घरी आलेल्या पाहुण्यांना ते फार खटकायचं. घरचीच माणसं एकमेकांचे फोन टाळतात म्हणजे शेताच्या वाटणीचं काहीतरी असणार, असं एका गृहस्थांनी मला तोंडावर विचारलंही होतं. वाटणी कसली! तो फोन उचलण्यासाठी नसायचाच. माझ्या थोरल्या भावाची बायको, आमच्या मंगलावहिनी, अकोल्याहून रोज सकाळी मला मिस कॉल द्यायच्या. एक रिंग वाजून बंद झाली की त्या सोडायला न्यायच्या ती सगळी पोरं शाळेत पोचली. दोन वाजल्या की कुणीतरी घरी राहिलं. गेले कितीतरी महिने दोनच वाजत होत्या, आणि राहिलेलं ते कुणीतरी म्हणजे पायल नावाची एकच मुलगी, हेही मला पाठ झालं होतं.

दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा नुकत्या भरल्या होत्या. मी अमरावतीत आमच्या शाळेच्या फाटकापाशी उभा होतो. फोन वाजला. एक... आणि बंद. मी दुसऱ्या रिंगची वाट पाहिली. आली नाही. हे काय नवीन, संध्याकाळी विचारू, असं म्हणत मी एका बसच्या ड्रायव्हरवर डाफरायला गेलो. तासाभरानं पुन्हा ‘वहिनी’. एक वाजली, दोन वाजल्या, तीन... थांबेचना. मी त्या नावाकडे बघत राहिलो. हा फोन उचलायचा आहे हे कळायलाच मला वेळ लागला. पलीकडे दादा होता. “अरे... चहा ठेवजा म्हने. मी ठेवला. आणून पायतो तं...” शेजारच्या कुणीतरी फोन घेतला आणि वहिनी गेल्याचं सांगितलं.

बडनेऱ्याहून जी गाडी मिळाली ती पकडली. बसायला जागा होती, पण मी दारापाशीच उभा राहिलो. मूर्तिजापूर येईपर्यंत दहा वेळा फोन काढून पाहिला असेल. वाटत होतं, दुसरी रिंग उशिरा का होईना, वाजेल.

वहिनींचं माहेर परतवाड्याचं. लग्न होऊन अकोल्याला आल्या आणि वर्षभरात मनपाच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागल्या. शाळेला रीतसर नाव होतं, पण कापसाची सरकी काढायच्या जुन्या कारखान्याला, जिनाला, लागून म्हणून सगळे तिला जिनाची शाळा म्हणत. दादा आणि मी त्याच शाळेत शिकलो. दादा पहिला येत असे आणि मी येत असे, एवढंच माझ्या शिक्षणाबद्दल सांगता येईल. पुढे दादा बँकेत गेला, आणि मी अमरावतीच्या एका इंग्रजी शाळेत. कार्डावर ‘परिवहन प्रमुख’ छापलं आहे. प्रत्यक्षात कोणती पिवळी बस पंक्चर झाली आणि कोणत्या बसमध्ये कुणाला उलटी झाली, एवढंच माझं राज्य. “मी इथी घरोघर फिरून पोरं गोळा करतो, अन् तुमी तिकडे गाडी घेऊन पळवता,” असं वहिनी मला पोह्यांची प्लेट हातात देता देता म्हणायच्या. प्लेट कधी कमी भरली नाही, टोमणाही नाही.

काही वर्षांपूर्वी, शहरातल्या पट कमी झालेल्या शाळा जवळच्या मोठ्या शाळांमध्ये विलीन करायच्या असा विषय निघाला. त्यात जिनाची शाळाही होती. मोठी वादावादी झाली. एका बाजूला गरिबांच्या शाळा गिळायला निघाले म्हणणारे, दुसऱ्या बाजूला रिकाम्या खोल्यांत किती दिवस दिवे लावायचे म्हणणारे. गंमत अशी की दोन्हीकडच्या बहुतेकांची पोरं पिवळ्या बसमधून जात होती. दादानं शाळा वाचवण्याचं मनावर घेतलं. माजी विद्यार्थ्यांच्या वतीनं पालकसभेत तो बोलणार होता, आणि भाषण लिहायला मला खास बोलावून घेतलं होतं. मी त्यात ‘ज्ञानमंदिर’ हा शब्द इतक्यांदा घातला की दादानं विचारलं, “हे शाळेवर हाय का देवळावर?”

सभा शाळेच्याच व्हरांड्यात. बायाबापड्या, शिक्षक, वरच्या कार्यालयातले एक साहेब, वॉर्डातले दोन-तीन पुढारी. दादानं भाषण वाचलं, टाळ्या पडल्या, आणि मी लेखकाला शोभेल असा खाली बघत बसलो. मग मुख्याध्यापिका म्हणून वहिनी उठल्या. आता त्या डोळ्यांतून पाणी काढणार, अशी सगळ्यांची खात्री.

“शाळा बंद करा,” वहिनी म्हणाल्या.

साहेबांनीसुद्धा मान वर केली. “आमी दोघी मास्तरनी. एकीले दुसऱ्या कामावर धाडलं की दुसरी चार वर्ग एका खोलीत घेऊन बसते. पहिलीले अक्षर गिरवाले लावा, तवर चौथीचं पोरगं खिडकीतून बाह्यर पाहून राह्यते. रोडच्या पलीकडच्या शाळेत वर्गाले एक मास्तर हाय, पोरीयले धड संडास हाय. माया जीव नाही का ह्या शाळेवर? उभी हयात इथी गेली माही. पन माया जीव हाय म्हनून पोरं अडवून ठेवू?”

मागून पायलची आई रंजना उठली. तिच्या कडेवर पायलचा तान्हा भाऊ होता. “अन् मॅडम, तो रोड? दिवसभर टरक चालते तिथून. पोरायले कोन नेईन?” वाहनाची सोय करू, असं साहेब म्हणाले. रंजना साहेबांकडे बघतच नव्हती. ती वहिनींकडे बघत होती.

“गाडी आली तं गाडीनं. नाही तं मी नेईन. एकही पोरगं घरी राहू देनार नाही.”

दादा सभेतून तडक उठला आणि बायकोला न घेता स्कूटर काढून निघून गेला. मी आणि वहिनी ऑटोनं परतलो. मला गप्प बसवेना. “वहिनी, नुसती बस चुकली तरी पोरं घरी राहतात, मी रोज पाहतो. फी भरलेली पोरं राहतात. तुमची तर...”

“तुमच्या पोरायले बशीची सवय हाय भाऊजी. माया पोरायले माही.”

“बघू.”

“पाहा ना. पोचले की एक रिंग देत जाईन. कोनी राह्यलं तं दोन.”

घरी दादा पाटावर बसून होता. “ज्या शाळेत मी शिकलो ते माह्याच बायकोनं बंद केली,” तो भिंतीला म्हणाला. “आता पोचवत बस पोरायले!” वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “बसून कसं पोचवता येईन? चालूनच जा लागते.” आणि भाकरी टाकायला घेतली.

वाहन आलं, काही महिने चाललं आणि बंद झालं. कुठे कागद अडला ते कुणालाच सांगता आलं नाही. मग वहिनींनी आमच्या आईचं जुनं नऊवारी हिरवं पातळ काढलं. दोरानं कोवळे हात सोलतात म्हणून पातळ. एक टोक स्वतःच्या कमरेला खोचायचं, दुसरं सगळ्यात मोठ्या पोराच्या हाती. मधे हात-हात अंतरावर काठाला गाठी, आणि ज्याची त्याची गाठ ठरलेली. रस्त्यावर ते हिरवं पातळ आडवं पसरलं की ट्रक थांबायचे. मी एकदा सकाळी सोबत गेलो होतो. एका ट्रकवाल्यानं हॉर्न दिला, तर वहिनी मधोमध थांबल्या आणि त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्यानं चक्क नमस्कार केला. मीही पातळाला हात लावून चालत होतो, तेव्हा मागच्या एका मुलीनं माझ्या हातावर टिचकी मारली : “काका, ते माही गाठ हाय.”

मुख्याध्यापिकेची खुर्ची गेली होती, वहिनी पलीकडच्या शाळेत साध्या शिक्षिका झाल्या होत्या. गेल्या वर्षी निवृत्तही झाल्या. पातळ चालूच राहिलं. आता फोनला वेगळे पैसे पडत नाहीत, दोन शब्द बोलत जा, असं मी सांगून पाहिलं. “तुमच्याशी बोलत बसलं तं शाळा सुटाची घंटा होईन,” म्हणाल्या.

पण पायलचं बोचत राहिलं. जिनाच्या शाळेत असताना ही पोरगी तान्ह्या भावाला घेऊन वर्गात यायची. रंजना कामाला जाई, भाऊ पायलच्या मांडीवर झोपे, आणि वहिनी तिकडे न बघितल्यासारखं करत. घर शाळेला लागून, कसंही निभायचं. पलीकडच्या शाळेत मूल कडेवर घेऊन कोण येऊ देणार? पहिल्यांदा आजी सांभाळायची म्हणून ती येत राहिली. आजी गेली आणि पायल घरी बसली. दादाला तेवढंच पुरलं. एका दुपारी जेवताना, माझ्यासमोर, तो म्हणाला, “जुन्या शाळेत ते भावाले घेऊन बसत होती. तुह्या चांगल्या शाळेनं पोरगी घरी बसवली.” वहिनींनी घास खाली ठेवला.  त्यांनी ताट अर्धं सोडलेलं मी त्या घरात तेव्हा एकदाच पाहिलं.

नंतर अंगणात मी विचारलं, “वहिनी, बरोबर केलं का आपण?” ‘आपण’ म्हणायचा मला काय अधिकार होता, देव जाणे. त्या वाळत घातलेलं पातळ उलटं करत होत्या. “बाकीचे शिकून राह्यले, भाऊजी. लई चांगले शिकून राह्यले. पायल नाही शिकून राह्यली. दोन्ही खरं हाय... आता काय म्हनू?” आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन रिंगा.

मला हे नीट जुळवून सांगता येत नाही. शाळा एकत्र कराव्यात की राखाव्यात, यावर पुरवण्यांमधून इतकं छापून येतं, मीही ते वाचून ऑफिसात तावातावानं बोलतो. वहिनी गेल्यापासून कुठल्याच बाजूनं बोलायला लागलो की मधेच थांबतो. सहकाऱ्यांना वाटतं, माझं वय झालं.

दिवसांसाठी आम्ही अकोल्यालाच होतो. घरात बायकांनी वहिनींच्या साड्या आवरायला घेतल्या. माझ्या बायकोला, सुनीताला, ते हिरवं पातळ दोरीवर दिसलं. सासूबाईंचं पातळ, त्यात जागोजागी गाठी. गाठोडी बांधून पार वाट लावलीय, असं तिला वाटलं. तिनं दुपारभर बसून, हेअरपिन घालून, एकेक गाठ हळुवार सोडवली. पातळ धुतलं, इस्त्री केली, डांबरगोळी घालून कपाटात ठेवलं. आठवण म्हणून. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं, गाठी कशाच्या ते ठाऊक असलेल्या मीसुद्धा. आमच्या घरात प्रेमाचं काम असं नीटनेटकं होतं!

तेराव्यानंतर एका सकाळी दारात पोरं उभी. दप्तरं पाठीला. वहिनी गेल्यावर काहींना आया सोडत होत्या, काही घरीच राहत होती. त्यातल्या एका मोठ्या मुलानं दादाला विचारलं, “आबा, मॅडमचं पातळ द्या ना. आमी आमचे जातो.” दादानं कपाटातून ते काढलं. इस्त्रीच्या घडीतून पातळ उलगडत गेलं... सपाट. पोरं बघत राहिली. सुनीताच्या तोंडावर पदर गेला.

“काही नाही होत, सुनीता,” दादा म्हणाला. एवढ्या हळू तो कधी बोलत नाही. तो पायरीवर बसला आणि गाठ मारायला लागला. पहिलीच चुकली. “जवळ झाली आबा, हात लागते एकमेकाले.” मग प्रत्येक पोरानं पुढे होऊन आपली जागा धरली, आणि दादा जिथं मूठ असेल तिथं गाठ मारत गेला. मधे एक जागा पोरांनी मोकळी सोडली.

“हे कोनाची?”

“पायलची.”

“ते तं येत नाही ना?”

“येत नाही. पन गाठ राह्यते,” एक मुलगी म्हणाली. मग तिनं वाकून त्याच जागेच्या शेजारी, जरा खाली, बोट ठेवलं. “अन् हे छोटी तिच्या भावाची. तो आता पहिलीत बसते ना... मॅडमनं नवी बांधली होती. त्या दिवशी आले होते ना दोघंही.”

त्या दिवशी, म्हणजे वहिनी गेल्या त्या सकाळी. मी फोन काढला. त्या सकाळची ती एक रिंग अजून तिथं होती. मी ती दादाला दाखवली आणि रिंगांचा हिशेब पहिल्यांदा सांगितला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, वहिनी मला दुधाचा भाव विचारायला फोन करतात.  मग त्यानं पायलची गाठ मारली, आणि खालची छोटीही. ती मात्र दोनदा सोडून पुन्हा मारली.

आम्ही अमरावतीला परतलो. सोमवारी मी फाटकापाशी उभा होतो. फोन वाजला. ‘वहिनी’.  एक... दोन... बंद. दादाचा अंगठा जड आहे म्हणून दोन, की कुणी राहिलं म्हणून? मला राहवेना. मी उलट फोन लावला. त्यानं लगेच उचलला. मागे कुणीतरी भांडी घासत होतं, एक लहान पोरगं जोरजोरात रडत होतं.

“काहून केला फोन? मिस कॉल देला ना!”

“दोन वाजल्या, म्हणून...”

“मंग? दोनच द्याच्या होत्या. बाकीचे पोचवून आलो. इथी रंजनाच्या वट्ट्यावर बसून हाओ. पोरगा जातो म्हनते, पोरगी नाही म्हनते. मॅडम नाही तं मी नाही, म्हनते.” त्या रडणाऱ्या पोराला ‘थांब रे, नेतो’ म्हणाला. “पातळ घेऊनच बसलो. पाहू... तू ठेव. मंग देतो.”

आमच्या सगळ्या बस आल्या आहेत. शिपाई फाटक लावायचं का विचारतो आहे. मी फोन अजून खिशात ठेवलेला नाही.