तिच्या गळ्यात राहिलेली पदं

आमच्या दर्पण कॉलनीत नवीन कोणी राहायला आलं की विचारतं, "मॅडम, आप क्या पढ़ाती थीं?" मी सांगते, "पुराना संगीत." त्यांना वाटतं, जुन्या सिनेमातली गाणी. मी दुरुस्त करायला जात नाही. काही शतकांपूर्वी आमच्या शहरातल्या किल्ल्यावर जी ध्रुपदं गायली जात, त्यांच्या अभ्यासात माझी सगळी नोकरी गेली. त्या पदांचे शब्द उरले आहेत, वर रागाचं आणि तालाचं नाव लिहिलेलं सापडतं. चाल मात्र कुणी लिहून ठेवली नाही. ती गळ्यातून गळ्यात जायची, आणि गळे गेले तशी तीही गेली.

मला संशोधक व्हायचं नव्हतं, गायचं होतं. आमचं तेव्हाचं घर जयेंद्रगंजात. पूर्वज मराठी मुलखातून इथल्या दरबारात कारकुनीला आले ते इथलेच झाले. मी ज्या गुरुजींकडे शिकायला जायची तिथेच ती, माझी मैत्रीण, यायची. तिचं घर नई सडकेवर, खाली वडिलांचं कापडाचं दुकान. तिचे पणजोबा फौजेतले, त्यामुळे घरात शिस्त कडक. मुलीनं गाणं जरूर शिकावं, पण लोकांसमोर बसू नये. आम्ही दोघी एकाच तंबोऱ्यावर गायचो. तिचा आवाज रुंद, माझा टोकदार. गुरुजी म्हणायचे, "तुम्हा दोघींची मिळून एक बरी गायिका झाली असती."

एम.ए.ला असताना माझ्या गळ्यात गाठ आली. शस्त्रक्रिया झाली, गाठ साधी निघाली, घरी सत्यनारायण झाला. बोलणं परत आलं, गाणं आलं नाही. वरच्या षड्जाच्या आसपास गेलं की आवाज फाटायचा, आणि लांब सूर धरला की त्यात वारा शिरायचा. मी पुष्कळ रियाझ करून पाहिला. एक दिवस गुरुजींनीच माझ्या मांडीवरचा तंबोरा उचलून भिंतीला लावला आणि म्हणाले, "पुरे आता. गळ्याला शिक्षा नको देऊ."

मी क्लासला जाणं सोडलं, कॉलेजातही तोंड लपवून बसू लागले. आमच्या विभागातल्या मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं.

"दुसऱ्याचा सूर चुकला तर कळतो की तेही गेलं?"

"कळतो," मी म्हटलं.

"मग माझ्याकडे काम कर. जुन्या पदांचं कोणी बघत नाही."

त्यांच्या हाताखाली मी पीएच.डी. सुरू केली, आणि पहिल्याच महिन्यात लक्षात आलं की नुसत्या कानांनी हे व्हायचं नाही. मी तिच्याकडे गेले. तिला सगळं समजावून सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "कधीपासून बसायचं?"

दुपारी दुकान बंद असे तेव्हा आम्ही गच्चीवरच्या खोलीत बसायचो. तिची आई बेढई, म्हणजे डाळ भरलेल्या पुऱ्या, आणवून वर पाठवायची. मी पदातल्या मात्रा बारा मात्रांच्या चौतालात बसवून आणायची, ध्रुपदाच्या घराण्यांत आजही जे गातात त्याच्याशी ताडून बघायची, आणि सुरांची एक वाट सुचवायची. ती गायची. मी थांबवायची, "पुन्हा, तिथून." ती पुन्हा गायची. कधी तीच थांबायची. "इथे श्वास पुरत नाही गं. एवढं लांब कोणी एका दमात गायलं नसेल. तुझी मात्रा चुकलीय." मी कागद बघायची, आणि बहुतेकदा माझीच मात्रा चुकलेली असायची.

एका हिवाळ्यात आम्ही धनाश्री रागातलं एक पद धरलं होतं. आजची धनाश्री तेव्हाची असेलच असं नाही, तिथपासून सुरुवात. पदातली बाई पाण्यावर जाते, घागर ठेवते आणि वाकून पाण्यात बघते. बाकीची चरणं एकेक करत जागेवर आली. शेवटचं चरण बसेना. शेवट वर चढवायचा रिवाज, म्हणून आम्ही तो वर नेत होतो. ती सुरेख गायची, पण समाधान व्हायचं नाही. "हे आपण केलेलं वाटतं," ती म्हणायची. "बाकीचं सापडलेलं वाटतं."

बाहेरगावच्या एका चर्चासत्रात मी तेच पद मांडलं. तिला घरून परवानगी नव्हती, म्हणून तिचा आवाज टेपवर ऐकवला. ऐकून झाल्यावर एक ज्येष्ठ विद्वान म्हणाले, "गाणं गोड आहे, पण याला संशोधन म्हणायचं का?" मी पुराव्यांची यादी दिली. ते मान हलवत राहिले. परत येऊन तिला सांगितलं तर म्हणाली, "गोड म्हणाले ना? मग झालं तर." त्या दिवशी मला तिचा राग आला. आता तेच वाक्य आठवलं की वाटतं, तिच्या गाण्यावर लोकांकडून आलेला तो एकच शब्द होता आणि तिनं तो जपून ठेवला.

मग तिचं लग्न झालं आणि ती कॅनडाला गेली. स्टेशनवर तिची आई रडत होती. गाडीत चढताना ती मला म्हणाली, "शेवटचं चरण बसलं तर कळव." मी हो म्हटलं.

त्यानंतरची माझी कारकीर्द सांगण्यासारखी चांगली झाली. व्याख्याती झाले, पुस्तक निघालं, त्याच विभागाची प्रमुख झाले. विद्यार्थी आले, गेले. काहींचे गळे तिच्याहून तयार होते. त्यांच्याकडून मी पदं गाऊन घ्यायची. दोन वेळा थांबवलं की ते विचारायचे, "मॅडम, फाइनल क्या है?" त्यांचं चूक नव्हतं, परीक्षेत फाइनलच लिहायचं असतं. पुढे पुढे हा विषय घेणारे इतके कमी झाले की मी निवृत्त होण्याआधीच तो अभ्यासक्रमातून निघाला. निरोपाच्या भाषणात त्याचं नाव कुणी घेतलं नाही.

तिच्या टेपा माझ्याकडे आहेत, मुलानं त्या संगणकावर घालून दिल्या. मी त्या क्वचितच लावते. आवाज तसाच आहे, स्वच्छ. पण टेपेला थांबवलं तर ती नुसती थांबते. पुढे काही म्हणत नाही.

दोन वर्षांपूर्वी ती आली, भाच्याच्या लग्नाला. केस पांढरे, गुडघे दुखरे, बोलताना मध्येच इंग्रजी. घरातली तरुण मंडळी मध्येच हिंदीत जायची, आणि आम्ही दोघी हट्टानं मराठीत. लग्न आटोपल्यावर आम्ही सकाळीच किल्ल्यावर गेलो. महालात दगडी जाळ्यांचा चौक आहे. त्या जाळ्यांमागे बसून राण्या गाणं शिकायच्या, असं गाइड सांगतात. खरं-खोटं कुणाला ठाऊक नाही. शाळेची सहल नुकतीच निघून गेली होती. आम्ही पायरीवर टेकलो.

"गातेस का तिकडे?" मी विचारलं.

"कुणासाठी गाऊ? नातीला झोपवताना गुणगुणायची, तेही ती मोठी झाल्यावर सुटलं."

"धनाश्री आठवते?"

तिनं मांडीवर हातानं ताल धरला. मग हलकेच सुरू केलं. आवाज खाली उतरला होता, कडा झिजल्या होत्या. एका ठिकाणी मी सवयीनं म्हटलं, "पुन्हा, तिथून," आणि तिनंही माझ्याकडे न बघता तिथून घेतलं. शेवटच्या चरणाशी आली. वर जायला निघाली आणि तिथे आवाजच नव्हता. ती अडली नाही. सूर तसाच खाली घेऊन गेली, मंद्रात, जिथे आम्ही कधी शोधलंच नव्हतं. पदातली बाई वाकून पाण्यात बघते, ते वाकणं तिथे होतं.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. पुरावा काही नाही. मी हे कुठे छापू शकत नाही. ती म्हणाली, "म्हातारं व्हावं लागलं गं त्यासाठी." मी तिचा हात धरून बसले.

आठवड्यानं ती गेली. गुडघ्यांमुळे आता येणं अवघड आहे. रविवारी आम्ही व्हिडिओवर बसतो. माझी संध्याकाळ, तिची सकाळ. दुसरं एक पद काढलं आहे. बोलणं चांगलं ऐकू येतं, पण ती खालचा सूर लांब धरते तेव्हा फोनला ती घरघर वाटते आणि तो आवाज गाळून टाकतो. मुलगा म्हणतो, सेटिंग बदलून बघू. मागच्या रविवारी ती डोळे मिटून गात होती. तिचे ओठ हलत होते, मान किंचित डोलत होती, हात मांडीवर ताल धरत होता, आणि माझ्यापर्यंत काहीही पोचत नव्हतं. मी तिला तसं सांगितलं नाही. तिच्या हाताकडे बघत मात्रा मोजत राहिले.