गार्गीची चिठ्ठी आली का?

शालूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सीताबर्डीत, रस्त्याच्या कडेला, स्कूटीची डिक्की उघडून उभी होते. हातात पडद्याच्या कापडाची पिशवी, डोक्यावर मे महिन्याचं ऊन आणि मागे एका ऑटोवाल्याचा भोंगा. फोनवर वनमालाबाई होत्या. ताईंच्या बालवाचनालयात झाडण्यापासून पुस्तकं लावण्यापर्यंत सगळं त्याच बघतात. "ताई गेल्या वं मॅडम… सकाळीच," एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मी "अहो पण कधी… असं कसं…" असलं काहीतरी बडबडत होते आणि माझी नजर डिक्कीत होती. तिथे रेनकोटखाली खाकी कव्हर घातलेलं एक पुस्तक होतं. ताईंनी तीन आठवड्यांपूर्वी माझ्या मुलीसाठी, गार्गीसाठी, दिलेलं. मी ते तिला दिलं नव्हतं. विसरले नव्हते, रागाने दिलं नव्हतं. हातातली पिशवी मी त्या पुस्तकावर टाकली, डिक्की लावली आणि सदर भागातल्या वाचनालयाकडे निघाले.

त्याला आता दीड महिना होईल. हा लेख मी चार वेळा सुरू केला आणि चारही वेळा उठले. कधी कुकर, कधी दारावरची बेल, कधी काहीच नाही, नुसतीच उठले. आताही टेबलावर नाही, ओट्यापाशी उभी राहून लिहितेय. बसलं की ते पुस्तक समोर येतं.

ताईंची माझी ओळख आठ वर्षांपूर्वीची, आणि ती माझ्या फजितीतून झाली. मी शाळेत मराठी शिकवते. त्या वर्षी मुख्याध्यापकांनी ग्रंथालयासाठी पुस्तकं निवडायचं काम माझ्या गळ्यात घातलं. मी काय केलं, तर ज्या ज्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर 'पुरस्कारप्राप्त' असा सोनेरी गोल छापलेला होता, ते ते उचललं. काचेच्या कपाटात इतकी सुंदर दिसत होती ती! वर्ष संपलं तरी तितकीच सुंदर दिसत होती, कारण एकाही पोराने हात लावला नव्हता. कोणीतरी म्हणालं, सदरला शालूताईंकडे जाऊन या. शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीत घरघरणारा कूलर आणि जमिनीवर लोळत वाचणारी पोरं. मी माझी यादी ताईंपुढे ठेवली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "यातले तू किती वाचले वं?" मी म्हणाले, "पुरस्कार मिळालेत ना, ताई." त्या इतक्या हसल्या की लोळणारी दोन पोरं उठून बसली. "पुरस्कार मोठ्या लोकाइनं देला. आता पोराइले विचारून पाहू नं!"

पुरस्कारांचा त्यांना राग होता असं मात्र कोणी समजू नये. उलट वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, जाहिरातींच्या बेचक्यात छापलेली पुरस्कारांची छोटीशी बातमीही त्या कापून ठेवत. पण ती त्यांच्यासाठी कामाची सुरुवात होती. आधी पुस्तक मिळवायचं, आणि आपल्याकडे तेच सगळ्यात अवघड. पुस्तकाला पुरस्कार मिळालेला असतो, सत्कारही झालेला असतो, फक्त पुस्तक कुठे मिळत नाही. प्रकाशक म्हणतो आवृत्ती संपली, दुकानदार म्हणतो असं पुस्तकच नाही. मिळालं की ताई आधी ते स्वतः अखेरपर्यंत वाचत. न वाचलेलं पुस्तक मुलाच्या हातात द्यायचं नाही, हा नियम. मग ते वेगवेगळ्या तीन मुलांना. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या कव्हरला आतून एक कोरी चिठ्ठी टाचलेली असे. मूल जिथे कंटाळलं त्या पानाचा आकडा त्याने चिठ्ठीवर लिहायचा आणि पुस्तक परत करायचं. कारण विचारायचं नाही, रागवायचं नाही. शेवटपर्यंत गेलं तर आकड्याऐवजी 'पोचलो' किंवा 'पोचले' लिहायचं. तिन्ही मुलं पोचली तरच ते पुस्तक ताईंच्या जूनमधल्या यादीत. त्या एका पानाच्या यादीच्या झेरॉक्स किती शाळांत फिरत, ते त्यांनाही माहीत नव्हतं. माझ्या चाळीसेक सोनेरी पुस्तकांतली सहा त्या चाळणीतून खाली उतरली. सहाच! मला तेव्हा रागच आला होता.

हे कुठून आलं, ते एकदा दसऱ्याला कळलं. त्या दिवशी दीक्षाभूमीवर पुस्तकांची दुकानं लागतात, बाहेरगावाहून आलेली माणसं पिशव्या भरभरून पुस्तकं नेतात. ताई दरवर्षी सकाळीच जात आणि त्या सगळ्या गर्दीत मुलांसाठी काय आलंय ते शोधत. मला एकदा सोबत नेलं आणि पार दमवलं. छप्पन साली त्यांचे वडील तरुण होते, गिरणीत कामाला. दीक्षा घेतल्यावर ते सही करायला शिकले, मग वाचायला. पुढे दर दसऱ्याला ते चारही लेकरांना इथे आणत आणि प्रत्येकाला एक पुस्तक निवडू देत. "बाबा फक्त उभे राह्यत. हे घे, ते घे, कधीच म्हनलं नाई. मी एका वर्षी गाईच्या रोगाइचं पुस्तक घेतलं होतं, त्याच्यावर चित्र लय चांगलं होतं म्हनून! वर्षभर वाचलं बाप्पा." हे सांगताना त्या धुळीत उभ्या राहून एका दुकानदाराशी, पोरींसाठी वेगळं काही काहून नाही आणलं, यावर हुज्जतही घालत होत्या.

गार्गी सातवीपर्यंत ताईंची लाडकी. तिच्या चिठ्ठ्यांवर बहुतेक 'पोचले' असायचं, आणि एकदा तर 'पोचले, पण पाय दुखले' असंही. आठवीत आम्ही तिची शाळा बदलली. मोठी शाळा, चांगली शाळा, असं आम्हीच ठरवलं आणि ही मुलगी मिटली. बोलणं हो-नाहीपुरतं. जुन्या मैत्रिणी सुटल्या, नव्या झाल्याच नाहीत. पुस्तकं तर बंदच. मी घाबरले होते, हे आता सरळ लिहिते. घाबरले की माझं डोकं फिरतं आणि तोंड सुटतं. मी ताईंकडे गेले ती डॉक्टरकडे जावं तशी. म्हणाले, "ताई, चौदा वर्षांच्या मुलीसाठी बक्षीस मिळालेलं, अगदी उत्तम असं एक पुस्तक द्या. ती पहिल्यासारखी झाली पाहिजे." ताई म्हणाल्या, "गोळी नाई वं माझ्यापाशी. शोधतो."

आणि खरंच शोधलं. वर्षभरात बारा पुस्तकं दिली. गार्गी नाकारत नव्हती, घ्यायची, आणि आठवड्याने आकडा लिहून परत द्यायची. पान अकरा. पान सात. पान एकवीस. ताई प्रत्येक आकड्याशी बराच वेळ बसत, ते पान उघडून बघत, इथे काय झालं असेल म्हणून. एकदा उत्साहाने मला म्हणाल्या, "एकवीसवर गेली! म्हनजे घर सुटन्याची गोष्ट तिले चालून राहिली. रागवून राहिली ते उपदेशावर." मला तेवढा धीर नव्हता. मला निकाल हवा होता. मी मास्तरीणच शेवटी.

एप्रिलमधल्या त्या दुपारी मी गार्गीच्या शाळेतल्या पालकसभेतून थेट ताईंकडे गेले. वर्गशिक्षिकेने सांगितलं होतं की मुलगी वर्गात तोंडच उघडत नाही, डबाही एकटीच खाते. ताई खुर्चीत बसून होत्या, कूलर चालू असूनही घामाघूम. त्यांनी ते खाकी कव्हरचं पुस्तक पुढे केलं. "हे घे. मी पुरं नाई वाचलं, पन हे तिले देजो." बस, एवढं निमित्त पुरलं मला. मी काय बोलले ते शब्द न शब्द आठवतंय. "स्वतः न वाचलेलं पुस्तक माझ्या मुलीला देताय आता? बारा झाली ताई, बारा! पुरे करा हा प्रयोग. माझी पोर काही तुमच्या चिठ्ठ्या भरायला नाही." वनमालाबाई कपाटाशी तशाच थांबल्या. ताई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "बरं. पन देजो तिले." मी पुस्तक घेतलं, जिना उतरले आणि ते डिक्कीत टाकलं.

आयुष्यभर नियम पाळणाऱ्या बाईने या एका पुस्तकाला तो का मोडला, हे मी विचारलंच नाही. काहून, एवढा एक शब्द पुरला असता.

उत्तर मला शोकसभेच्या दिवशी मिळालं, वनमालाबाईंकडून, त्याच जिन्यात. ताईंचे डोळे दोन महिन्यांपासून जात चालले होते. दुखणं आतलं होतं, औषधाने डोळ्यांपुढे अंधारी यायची. कोणाला सांगायचं नाही अशी ताकीद होती. आणि ते पुस्तक? त्याला कुठल्याशा तालुक्याच्या संस्थेचा लहानसा पुरस्कार मिळाला होता, चार ओळींची बातमी ताईंच्या कात्रणांत होती. खाणीसाठी गाव उठतं आणि एका मुलीला नव्या वस्तीतल्या शाळेत जावं लागतं आणि ती बोलणंच बंद करते, अशी गोष्ट. दुकानांत नव्हतंच. लेखक म्हणजे उमरेडचे एक निवृत्त गुरुजी, उरलेल्या प्रती त्यांच्या घरी पेटीत. "तर ताई येष्टीनं गेल्या नं उमरेडले, भर उन्हात. मी म्हनलं मी जातो, तर म्हने, तुले कोनतं पुस्तक ते नाई समजनार. आल्या अन् झोपल्याच. मंग रोज थोडं थोडं वाचत, डोयाले पानी लावू लावू." वनमालाबाईंना थांबायचं नव्हतं, किंवा मला सगळं ऐकवायचंच होतं. "अन् मंग रोज विचारे. गार्गीची चिठ्ठी आली का? मी म्हनो, नाई आली. तर म्हने, म्हनजे वाचून राहिली असंन. लवकर नाई आली म्हनजे चांगलंच हाये. शेवटी शेवटी लय खूश होती माय, त्याच्यावरच."

त्या तीन आठवडे खूश होत्या. माझ्या डिक्कीत बंद असलेल्या पुस्तकामुळे. हे मला कुठे ठेवावं कळत नाही. कोणी म्हणतं, बरंच झालं, समाधानाने गेल्या. मला हे समाधान चालत नाही. त्या दिवशी मी पुस्तक दिलं असतं तर गार्गी स्वतः जिना चढून गेली असती, त्यांच्या खुर्चीशेजारी बसली असती…

शोकसभेहून आल्यावर त्याच संध्याकाळी मी गार्गीसमोर पुस्तक ठेवलं आणि सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. तिने मागचं कव्हर उघडलं. चिठ्ठीवर ताईंच्या वेड्यावाकड्या झालेल्या अक्षरात पहिलीच नोंद होती: 'शालू. ६४. पुढचं गार्गीनं सांगावं.' इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःचा आकडा कधी लिहिला नव्हता. गार्गीने ती ओळ वाचली आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. "तू काहून नाही दिलंस मला? त्या वाट पाहून राहिल्या होत्या ना! तू काहून नाही दिलंस?" ती खोलीत गेली आणि दार आपटलं. खोटं कशाला लिहू, ते दार आपटणं ऐकून मला थोडं बरंही वाटलं.

पुस्तक ती वाचतेय, पण रोज दोनच पानं. मला राहवेना. एकदा विचारलं, "आवडत नाहीये का?" म्हणाली, "आवडतंय. पण संपलं की सांगू कोणाला?" मी म्हणाले, "मला सांग." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अजून मोठी व्हायची आहे. "तू वाचलंच नाहीयेस. ताई न वाचता ऐकायच्या नाहीत."

म्हणून तिचं वाचून झालं की मीही वाचते. पुस्तकात आता दोन खुणा असतात, तिची पुढे, माझी मागे. सोनेरी गोल नसलेलं, साध्या कागदाचं पुस्तक. मी फार उठते, बसते, पुन्हा तेच पान वाचते. वाचनालय वनमालाबाईंनी चालू ठेवलंय, ताईंची खुर्ची खिडकीशी तशीच आहे, आणि जूनची यादी यंदा निघालेली नाही. तीन मुलं पोचल्याशिवाय या पुस्तकाचं नाव यादीत जाणार नाही, आणि अजून एकही पोचलेलं नाही.

काल रविवार होता. मी चौसष्टाव्या पानाच्या तळाशी आले. तिथे समासात पेन्सिलीचा एक ठिपका आहे, इतका दाबलेला की मागच्या बाजूने बोटाला लागतो. वाक्य अर्धं होतं, उरलेलं पुढच्या पानावर. ताईंना ते दिसलं नाही. मी पानाचं टोक बोटात धरलं आणि माझ्याने ते उलटेना. मी गार्गीला हाक मारली. ती आली, माझ्या खांद्यावरून वाकून तिने आकडा बघितला, ठिपका बघितला, आणि बाजूला खुर्ची ओढून बसली.

"उलट नं वं आई," ती म्हणाली. "पुढे ती पोरगी बोलते."