नळ्यांमधला उजेड

चूक माझीच होती. गेल्या खंडेनवमीला वडिलांची जुनी दुनळी बंदूक मी न उघडताच पाटावर पूजेला मांडली. समोर रांगोळी घालणाऱ्या वहिनींनी विचारलं, "भाऊजी, उघडून बघितलीत ना?"

"रिकामीच आहे हो," मी हसलो. "तुम्ही रांगोळीचं बघा."

दादाने मात्र फुलं वाहण्याआधी ती उघडली. डाव्या नळीत काडतूस होतं. रानडुकरांपासून शेताची राखण करून आल्यावर मीच ती तशी भरलेली आणून ठेवली होती, आणि नळ्यांची तोंडं वहिनींकडे होती.

यंदाची पूजा परवावर आली आहे. आज सकाळी बंदूक उघडली, दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली आणि त्या सुट्या काढून खिडकीकडे धरल्या. आत उजेडाची गोल कडी दिसतात. गंज असेल तिथे कडं मळतं, पोचा असेल तिथे वाकडं होतं. उजव्या नळीत एक कडं वाकडं दिसलं. आता कारागिराने तपासेपर्यंत बार काढायचा नाही, हे नक्की.

जुन्या वस्तूची खात्री आठवणीवर ठेवता येत नाही, दर वेळी उघडूनच बघावं लागतं. वहिनींच्या मनात काही उरलं नसेल, हेही मी वर्षभर न बघताच धरून चाललो होतो.

स्वयंपाकघरात गेलो. वहिनी नारळ खवत होत्या.

"बंदूक उघडलीत वाटतं आज," मान वर न करता त्या म्हणाल्या.

"उघडली. वहिनी, तेव्हा तुम्ही बरोबर विचारलंत आणि मी न बघताच तुम्हाला हसलो. माझं चुकलं. मला माफ करा."