चष्मेबाईंच्या गाडीचे कान

भोंगा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पंचवीस वर्षांपूर्वी त्यानं गल्लीच्या तोंडाशी गाड्यांच्या वायरिंगचं दुकान टाकलं, आणि पहिल्याच आठवड्यात एका ट्रकला हॉर्न असा काही जोडून दिला की ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा. ट्रकवाला चौकाचौकात बोंबलत आणि शिव्या घालत गेला, पण जाताना नाव मागं ठेवून गेला. भोंग्याला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. "बिनपैशाची जाहिरात आहे," म्हणायचा.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. दोघांना समोरासमोर जायचं तर एकानं आडवं व्हायला हवं, आणि दरवेळी भोंगाच व्हायचा, कारण दुसरं माणूस म्हणजे त्याची बायको असायची. पुढच्या भागात त्याचं टेबल, डाग द्यायच्या तापलेल्या कावियाचा वास, खिळ्यांना लटकवलेली रंगीत वायरींची वेटोळी. मागच्या भागात तिची शिलाई मशीन. ती गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवायची. तो गाडीच्या आतड्यांत हात घालायचा, ती गाडीला कपडे चढवायची. संसार असा गाडीच्या आतून बाहेरून चालला होता आणि बरा चालला होता.

अलार्म बसवण्यात भोंग्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. त्याची एक पद्धत होती. काम झालं की गिऱ्हाइकाला बाहेर उभं करायचं, गाडी रिमोटनं बंद करायची आणि म्हणायचं, "मारा टिचकी." गिऱ्हाईक पुढच्या काचेवर बोटानं टिचकी मारी, आणि गाडी अशी केकाटायची की शेपटीवर पाय पडलेलं मांजर बरं. गिऱ्हाइकाचं तोंड लाडवाएवढं व्हायचं. त्या एका तोंडासाठी भोंगा काय करायचा, तर धक्क्याच्या सेन्सरचा स्क्रू पार टोकापर्यंत पिळायचा. अंगठ्याएवढी ती डबी, गाडीच्या पोटात बसते, हादरा लागला की ओरडते. स्क्रू जितका पिळावा तितकी ती भित्री. भोंग्यानं गल्लीतल्या तीसेक गाड्यांत तीस भित्री भुतं कोंडून ठेवली होती.

मग व्हायचं काय? टपावर कावळा बसला, गाडी बोंबलली. पोरांचा चेंडू लागला, बोंबलली. कचऱ्याच्या डब्याचं झाकण आपटलं की एक बोंबले, तिचं ऐकून दुसरी. गल्लीचे कान आधी किटले, मग पिकले, मग बंदच झाले. सायरन वाजला तर न्हाव्याचा वस्तरा केसभर हलायचा नाही. तान्ही मुलं त्या आवाजात झोपायला शिकली होती. सुट्टीत आजोळी नेली की म्हणे शांततेत रडायची.

एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास असाच एक सायरन वाजायला लागला. भोंगा एका जीपच्या दिव्याची वायर डागत होता.

"अहो, कुणाची तरी वाजतेय," आतून बायको म्हणाली.

"वाजू दे. दमली की गप्प बसेल."

दमली आणि गप्प बसली. अर्ध्या तासानं दुकानाच्या दारात चष्मेबाई उभ्या राहिल्या, हातात काचेचा तुकडा घेऊन.

चष्मेबाई म्हणजे घरी जाऊन डोळे तपासणारी बाई. ज्यांना जिने उतरवत नाहीत, ज्यांना खाटेवरून उठवत नाही, अशांकडे त्या आपल्या छोट्या निळ्या गाडीतून जायच्या. तपासायच्या भिंगांची पेटी वर न्यायच्या. तयार चष्मे आणि काचेची भिंगं मात्र मागच्या सीटवरच्या ट्रेंमध्ये राहायची. त्या दिवशी त्या न्हाव्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांचे डोळे बघत होत्या. खाली कुणीतरी मागची काच फोडून एकोणीस चष्मे नेले.

"भाऊ, माझ्या गाडीचा अलार्म वाजला का हो?"

खोटं बोलणं सोपं होतं. भोंग्यानं काविया खाली ठेवला. "वाजला."

"तुम्ही ऐकलात?"

"ऐकला."

"मग?"

भोंग्यानं स्टूल पुढं सरकवलं. आतली मशीन थांबली होती. चाळीस पावलांवर चोरी झाली, त्यानंच बसवलेल्या अलार्मनं त्यालाच हाका मारल्या, आणि तो म्हणाला होता, वाजू दे.

"मास्तर म्हणाले, रोजच वाजतं, तिकडं लक्ष देऊ नका," बाई स्टुलावर टेकत म्हणाल्या. "मी पण नाही दिलं. आणि त्या मेल्याला त्या चष्म्यांचा उपयोग काय? एकातूनही त्याला धड रस्ता दिसायचा नाही. पण माझी एकोणीस माणसं आंधळी करून गेला की तो! दोन महिन्यांत दुसऱ्यांदा झालं हे. आता बास. गाडी विकते आणि एका जागी दुकान घेऊन बसते. येतील ते येतील."

"आणि ज्यांना येता येत नाही ते?"

"त्यांच्याकडं तुम्ही जा, आणि सांगा सायरन ऐकत पडा म्हणून."

ते भोंग्याला काट्यासारखं लागलं. तो म्हणाला, "बाई, पंधरा दिवस द्या."

बाईंनी त्याच्याकडं निरखून पाहिलं, जसं त्या नंबर काढताना बघायच्या. "दिले. पण मला टिचकी दाखवायची नाही. अलार्म वाजला आणि या गल्लीतलं एक माणूस जागचं उठलं, एवढं दाखवा. एकच माणूस. तुमची बायको धरायची नाही. नाही जमलं, तर गाडी विकायला काढली."

दुसऱ्या दिवशी भोंग्यानं आयुष्यात कधी केली नव्हती अशी गोष्ट केली. सेन्सर बसवण्याआधी गाडी कशी जगते ते बघायला तो निघाला. दोन दिवस तो बाईंबरोबर फिरला. त्या जिने चढून गेल्या की हा गाडीत एकटा, खिडकीला नाक लावून. लोक वाकून बघायचे, हा त्यांच्याकडं बघून हसायचा. एका आजीनं तर त्याला गाडीत विसरलेला म्हातारा समजून बिस्किट दिलं.

बसल्या बसल्या त्याला कळत गेलं. बाई खिडकी दोन बोटं उघडी ठेवायच्या, कारण बंद गाडीत उन्हानं चष्म्यांच्या काड्या वाकतात. म्हणजे आतल्या हवेची हालचाल टिपणारा सेन्सर बाद. वाऱ्याची झुळूक आली की तो बोंबलणार. गाडी उचलली, तिरकी झाली की वाजणारा एक सेन्सर असतो, चाकं चोरणाऱ्यांसाठी. त्यानं बाईंच्या चाकांकडं बघितलं.

"हा नको," संध्याकाळी तो बायकोला म्हणाला. "ती चाकं बघून चोरच बाईंना नवी घेऊन देईल."

"धक्क्याचा?"

"धक्क्याचं नाव काढू नकोस."

शेवटी त्यानं दोन सेन्सर निवडले. एक रडारचा, दोन सीटांच्या मधे बसणारा: गाडीच्या आत हात किंवा अंग शिरलं की ओळखतो, वाऱ्याशी त्याचं देणंघेणं नाही. फक्त त्याची नजर काचेपलीकडं रस्त्यावरच्या माणसांवर जाऊ नये इतपत आखूड करायची. दुसरा म्हणजे काचेचा कान. छोटा माइकच तो, पण शहाणा. नुसत्या हादऱ्याला भीक घालत नाही आणि नुसत्या खळखळीलाही नाही. आधी जाड 'धप्प' आणि लगेच बारीक 'खळ्ळ', दोन्ही एकापाठोपाठ आलं, तरच काच फुटली असं समजतो.

भोंगा खूष होता. अर्धा दिवस लावून त्यानं दोन्ही बसवले, सायरन तपासला आणि बाईंना म्हणाला, "आता निर्धास्त जा."

बाई संध्याकाळी परत आल्या त्या कपाळाला आठ्या घेऊनच.

"चार वेळा वाजली. चारही वेळा काच शाबूत. माझंच हात दाखवून अवलक्षण झालं, भाऊ."

भोंग्यानं अख्खी जोडणी उलगडली, वायर न् वायर तपासली. कुठं चूक सापडेना. तो रडार बंद करून गाडीत मान खाली घालून बसला. तेवढ्यात गल्लीतून बस गेली. धप्प, गाडी हलली, आणि मागच्या सीटवरची शेकडो भिंगं ट्रेंमधे एकमेकांवर आपटून खळ्ळ वाजली. सायरननं आभाळ डोक्यावर घेतलं.

तो कपाळावर हात मारून खाली उतरला. दुनियेत एवढ्या गाड्या, आणि काच फुटल्याचा आवाज पोटात घेऊन फिरणारी गाडी नेमकी हीच! काचेच्या कानाला तो बिचारा काय सांगणार, ही काच नव्हे, हे भिंग आहे म्हणून?

"काढून टाकतो," तो दुकानात येऊन म्हणाला. "कानच काढतो. दुसरं काही सुचत नाही."

बायको दोरा दातांनी तोडत होती. "कान कशाला काढता? बडबड करणाऱ्याचं तोंड दाबावं की ऐकणाऱ्याचे कान कापावे?"

"म्हणजे?"

"म्हणजे भिंगांना अंगडी शिवते. जीपच्या कव्हराचं मखमली कापड उरलंय ढीगभर."

दोन दिवस ती मशीनवरून उठली नाही. ट्रेंच्या मापाच्या पट्ट्या, त्यांत कप्पे, एकेका कप्प्यात एकेक भिंग. बाईंनी ट्रे हलवून बघितला, आवाज नाही. मखमलीवरून बोट फिरवत म्हणाल्या, "वैनी, माझ्या लुगड्याला असं कापड नव्हतं कधी." बस गेली, पाण्याचा टँकर गेला, गाडी चूप. भोंग्यानं रडार बंद ठेवून एक जुना काचेचा तुकडा गाडीत हातोडीनं फोडला, तेव्हा मात्र ती लगेच ओरडली.

पण गाडी शहाणी झाली म्हणून काय? ऐकणारी गल्ली बहिरी ती बहिरीच. तीस भुतं अजून पिंजऱ्यात बोंबलत होती. उरलेल्या आठवड्यात भोंगा स्क्रूड्रायव्हर घेऊन दारोदार फिरला. प्रत्येक गाडीच्या पोटातला तो स्क्रू त्यानं उलटा फिरवला, फुकट. आणि वर बोलणी खाल्ली. न्हाव्यानं तर त्याला दुकानातूनच हाक मारली.

"ए भोंग्या, काय केलंस रे गाडीला? टिचकी मारली, गप्प. मेली की काय?"

"टिचकी मारणारा चोर बघितलास का कधी?"

"मला टिचकी दाखवूनच गळ्यात मारला होतास ना तो अलार्म?"

"मारला होता. चुकलं माझं," भोंगा म्हणाला. न्हावी इतका चकित झाला की हातातला फेस गिऱ्हाइकाच्या कानात गेला. भोंगा चुकलं म्हणतो, हे गल्लीत पहिल्यांदाच घडत होतं.

चार-पाच दिवसांत गल्ली निवळली. कावळा टपावर बसायचा आणि खुशाल बसून राहायचा. मास्तरांचा रेडिओ खालपर्यंत ऐकू यायला लागला. भोंग्याला काम करताना बायकोची मशीन ऐकू येऊ लागली, आणि ती मशीन चालवताना स्वतःशी गुणगुणते हेही. पंचवीस वर्षांत त्याला पत्ताच नव्हता.

चौदाव्या दिवशी बाई मास्तरांकडं नवा चष्मा घेऊन आल्या. भोंग्यानं हे त्यांच्याशी मुद्दामच ठरवून घेतलं होतं, बायकोलाही न सांगता. भर दुपार, गल्ली रिकामी, लोक जेवून आडवे झालेले. त्यानं जुनी टोपी डोळ्यांवर ओढली, वाकवलेली तार घेतली आणि निळ्या गाडीपाशी गेला. वर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत बाई उभ्या होत्या. कुणीच नाही उठलं तर? तर काय, गाडी जाईल. तपासणीच्या रांगेत असलेली ती सगळी म्हातारी माणसं नुसती अंधुक उजेडाकडं बघत राहतील. आणि त्याला पुन्हा कधी कुणाला 'निर्धास्त जा' म्हणता येणार नाही.

त्यानं खिडकीच्या दोन बोटांच्या फटीतून तारेसकट पंजा आत सरकवला.

सायरन वाजला. भोंग्यानं मनात आकडे मोजायला घेतले. एक, दोन, तीन. कुठं दार वाजेना. चार, पाच.

सहा म्हणायच्या आत वरून बादलीभर पाणी त्याच्या डोक्यावर आलं. "मुडद्या! भरदिवसा!" पहिल्या मजल्यावरच्या काकू कठड्यावरून अर्ध्या बाहेर आल्या होत्या. पाठोपाठ खिडक्या उघडल्या, जिन्यांवर पावलं वाजली, आणि न्हाव्यानं मागून येऊन त्याची कॉलर अशी धरली की वरचं बटण उडालं. न्हाव्यामागं अर्धी दाढी झालेलं, गळ्यात पंचा बांधलेलं गिऱ्हाईक. त्याच्यामागून कापड कापायची हातभर लांब कात्री उगारत भोंग्याची बायको.

"धरलाय! पोलिसांना बोलवा!" न्हावी ओरडला. टोपी खाली पडली.

"अगं बाई," बायकोची कात्री हळूहळू खाली आली. "अहो, तुम्ही?"

"भोंग्या? तू?" न्हाव्यानं तोंड जवळ नेऊन बघितलं. "धंदा बसला का रे इतका?"

भोंगा नखशिखान्त भिजला होता, गळा आवळलेला होता, आणि हसत होता. हसू थांबेना. "किती आलात?" तो विचारत होता, "अरे, किती जण आलात?"

"डोक्यावर परिणाम झालाय," काकूंनी वरून निकाल दिला. "माझं धुण्याचं पाणी फुकट गेलं."

गर्दी बाजूला सारत चष्मेबाई खाली आल्या. त्यांनी रिमोटनं सायरन बंद केला. लोकांवरून एकवार नजर फिरवली, अर्ध्या दाढीवाल्यावर जरा जास्त वेळ थांबवली. मग पर्समधून डायरी काढून एक पान उलटलं.

"उद्या आठला पुलापलीकडं जायचंय," त्या भोंग्याला म्हणाल्या. "पाच घरं आहेत. तिथली गल्ली कशी आहे ते बघायला येता का?"

"येतो की," भोंगा म्हणाला. "आधी याला कॉलर सोडायला सांगा."