विझत जाणारं रेडियम

अंधारासाठी उजेडातल्या माणसांशी एवढं भांडणारा माणूस माझ्या धाकट्या साडूशिवाय अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल. त्याचं नाव निघालं तरी माझा पारा चढतो. स्मार्टवॉचवर घड्याळाचे जे चेहरे बदलता येतात, ते हा तयार करतो. आणि त्यातही याचा जीव अडकलाय एकाच गोष्टीत, अंधारात आकडे कसे चमकावेत. त्यासाठी काळोख लागतो, आणि सिडकोतल्या फ्लॅटमध्ये भर दुपारी काळोख कुठला? म्हणून हा गृहस्थ मे महिन्यात, बाहेर डांबर वितळत असताना, दोन रजया पांघरून लॅपटॉपसकट आत बसतो. दार उघडलं की आतून ओरडणार, "कोण हाय? बंद करा आधी." करमाडला एका साखरपुड्यात यानं नवरदेवाचा हात धरला आणि त्याला फरफटत सामानाच्या खोलीत नेलं. मुलीकडची मंडळी दार ठोठावतायत, आणि आतून याचा आवाज, "ह्याला चमक म्हणत्यात व्हय? वरातीतला ट्रॅक्टर बरा." नवरदेवाच्या मनगटावरचं घड्याळ याला बघवलं नव्हतं, एवढंच. माफी मात्र मी मागितली.

तर याने आठ महिने खपून एक चेहरा केला. आपण रेडियमचं घड्याळ म्हणतो ना, तसली हिरवट चमक. संध्याकाळी झगझगीत, मग तासातासाने उतरत पहाटेपर्यंत पार विझलेली. जुन्या घड्याळांतली चमक अशीच उतरायची, म्हणून ही पण उतरणार. घेणाऱ्यांना वाटलं, घड्याळ बिघडलं. तक्रारींवर तक्रारी, आणि हा शहाणा एकेकाला उत्तर देत बसला. एकाला लिहिलं, "पहाटं चारला वेळ बघून काय करता? झोपा की." शेवटी ज्या ऑनलाइन दुकानात याचे चेहरे होते, त्यांनी कळवलं की आठवड्यात दुरुस्त करा, नाहीतर तुमचं सगळंच काढून टाकू. चितेगावच्या कंपनीतली नोकरी याने या नादात आधीच सोडलेली. मेहुणी फोनवर रडायलाच लागली. "दाजी, तुमचंच ऐकतील ते."

मी गेलो. तो बाहेर येईना, म्हणून मीच रजईत शिरलो आणि घामाने निथळत त्याला झाप झाप झापलं. नोकरी, बायको, पोरं, सगळं काढलं. "लोकांना रात्रभर उजेड पाहिजे, तर दे ना बाबा. तुझं काय जातंय?"

त्याने लॅपटॉपचा उजेड कमी केला. मग म्हणाला, "साडभाऊ, आमचा बाप मेंढरं घेऊन हिंडायचा. देवगाव रंगारीकडं मुक्काम पडला की मी त्याच्या शेजारी झोपायचो. त्याच्या मनगटावरच्या घड्याळाचे आकडे मंद मंद होत जायचे. रोज ठरवायचो, आज ते विझूस्तोर जागायचं. एकदाबी नाय जमलं. आधीच डोळा लागायचा."

"मग?" मी तिरसटपणे विचारलं.

"मग बाप गेला. आता हे तरी विझताना बघतो."

इथं मी तोंड मिटायला हवं होतं. पण मी तरी कसला शहाणा? म्हणालो, "मग तुझ्यापुरतं ठेव की. गिऱ्हाइकांना कशाला?"

"एकट्यानंच बघायचं व्हय?" एवढंच बोलून त्याने लॅपटॉप मिटला.

चौथ्या दिवशी चेहरा दुरुस्त झाला. आकडे आता सकाळपर्यंत एकसारखे जळतात. तक्रारी थांबल्या, दुकानातली जागा वाचली, मेहुणीनं मला पुरणपोळीचं जेवण घातलं. जेवताना साडू माझ्या शेजारी बसला होता, पडदे उघडून, लख्ख उजेडात. रजया घडी करून माळ्यावर टाकल्या होत्या. त्याने मला आग्रहानं वाढलं, एका शब्दानेही भांडला नाही. मला त्याचा असा संताप आला की सांगता सोय नाही, आणि त्याहून जास्त स्वतःचा. याने एकदा तरी खेकसावं, मला घराबाहेर काढावं, म्हणून मी मुद्दाम मोबाइलचा टॉर्च लावला आणि सरळ त्याच्या डोळ्यांवर धरला.

"असू द्या, साडभाऊ," तो म्हणाला, आणि माझ्या पोळीवर तूप वाढलं.