सहावी पाकळी

रोडपालीच्या आमच्या सोसायटीत रविवारी पेन्सिलीने फूल काढायला शिकवणाऱ्या गृहस्थांचं नाव मला अजूनही माहीत नाही. सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणायचे. त्यांचा जन्म कळंबोलीच्या लोखंड बाजारात नटबोल्टांची ड्रॉइंग काढण्यात गेला होता, त्यामुळे फूलसुद्धा कंपासनेच! एक वर्तुळ काढायचं, त्यात कंपास फिरवायचा, की नेमक्या सहा पाकळ्या. मग खोडरबराचा भुगा करंगळीने झाडून ते म्हणायचे, "हे झालं फूल."

एकदा शेजारच्या काकूंनी गणपतीला वाहायची जास्वंद वर्गात आणली.

"सर, हिला तर पाचच पाकळ्या आहेत."

सरांनी एक डोळा मिटला, पेन्सिल आडवी धरून फूल मापलं आणि शांतपणे म्हणाले, "एक गळली असणार. बघा खाली."

आणि आम्ही सगळी शिकलीसवरलेली माणसं टेबलाखाली वाकलो.